शेततळ्यातलं पाणी नक्की उन्हानं उडतंय की कुठून गळतंय, ते कसं ओळखायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की जालना जिल्ह्यात मोसंबीची बाग आहे, ३० बाय ३० बाय ३ मीटरचं, आत प्लास्टिकचा कागद टाकलेलं शेततळं आहे, आत्ता त्यात २ मीटर पाणी आहे आणि एप्रिलमध्ये मोटर बंद ठेवली तरी पातळी रोज दीड सेंटिमीटर उतरतेय. गावात सगळे म्हणतात ऊनच तसं आहे, दुकानदार म्हणतो पाण्यावर टाकायची पावडर घ्या. आणि तुम्हाला मुळात हे कळत नाहीये की पाणी १०० डिग्रीला उकळतं तर ४० डिग्रीत एवढं उडतं कसं, आणि ढगाळ दिवशी पण का उतरतं.

मी बरीच वर्षं कृषी हवामान केंद्रावर बाष्पीभवन मोजायचं काम केलंय आणि आता शेततळ्यांच्या पाण्याचे हिशोब करून देतो, म्हणून आधी उत्तर सांगतो आणि मग कारण. दीड सेंटिमीटर म्हणजे १५ मिलिमीटर. एवढं पाणी एप्रिलचं ऊन एकटं उडवूच शकत नाही. ८-९ मिमी उडेल, अगदी वाईट दिवस असेल तर १०. बाकीचं पाणी कुठून तरी गळतंय. त्यामुळे पावडरवर एक रुपयाही खर्च करायच्या आधी खाली सांगितलेली टबची चाचणी करा.

आता हे मी एवढं ठामपणे का म्हणतोय ते.

पाण्यातले सगळे रेणू एकाच वेगानं हलत नसतात. ३० डिग्रीचं पाणी म्हणजे रेणूंची सरासरी ऊर्जा तेवढी, पण काही रेणू सरासरीच्या खूप वर असतात आणि त्यातले जे पृष्ठभागाजवळ असतात ते बाकीच्यांची ओढ तोडून हवेत निसटतात. हे पाण्याच्या कुठल्याही तापमानाला चालूच असतं, थंडीत पण, रात्री पण. उकळणं ही वेगळी गोष्ट आहे, तिथे पाण्याच्या आतसुद्धा वाफेचे बुडबुडे तयार होतात, बाष्पीभवन फक्त वरच्या पृष्ठभागावरून होतं. आणि जसे रेणू बाहेर जातात तसे हवेतल्या वाफेतले काही परत पाण्यात येऊनही पडतात. आपल्याला जे कमी झालेलं दिसतं ते गेलेले वजा आलेले. हवेत आधीच भरपूर वाफ असेल तर परत येणारे जास्त, म्हणून कोकणात ओला टॉवेल दिवसभर वाळत नाही आणि जालन्यात तासाभरात कडक होतो.

निसटून जाणारे रेणू जास्त ऊर्जेचे असल्यामुळे मागे उरलेलं पाणी गार होतं, माठातलं पाणी गार राहतं ते त्यामुळेच. म्हणजे पाणी उडत राहायचं असेल तर बाहेरून सतत उष्णता मिळत राहिली पाहिजे, आणि ही उष्णता साधीसुधी नाही. एक लिटर पाणी ३० डिग्रीवरून १०० पर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते त्याच्या साधारण आठपट उष्णता तेच एक लिटर पाणी ३० डिग्रीलाच वाफ करायला लागते. आकडा सांगायचा तर लिटरमागे सुमारे २.४३ मेगाज्यूल. तुमच्या तळ्यात २ मीटर पाणी असेल आणि बाजूचा उतार १ ला १ (म्हणजे एक मीटर खोलीला एक मीटर आत) धरला तर पाण्याचा पृष्ठभाग २८ बाय २८ म्हणजे ७८४ चौरस मीटर येतो, त्यावरून रोज ९ मिमी उडालं तर सात हजार लिटर, आणि तेवढं पाणी उडवायला लागणारी उष्णता विजेच्या हिशोबात जवळपास ४७०० युनिट होते. ५ एचपीची मोटर पन्नास दिवस चोवीस तास चालेल इतकी ऊर्जा, एका दिवसात, एका शेततळ्यावर. ही कुठून येते? बहुतेक सगळी सूर्याकडून. आणि म्हणूनच तिला मर्यादा आहे.

मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये स्वच्छ दिवशी एका चौरस मीटरवर साधारण २५ मेगाज्यूल ऊन पडतं. ते सगळंच्या सगळं पाणी उडवायला लागलं असं धरलं तरी १० मिमीच्या थोडं वर जातं. पण सगळं लागत नाही, थोडं पाण्यावरून परावर्तित होतं, आणि तापलेलं पाणी स्वतः आकाशाकडे उष्णता फेकत असतं, कोरड्या स्वच्छ आकाशाखाली तर जास्तच. हे वजा केलं की हातात १७ मेगाज्यूलच्या आसपास राहतात, म्हणजे ७ मिमी. मग वरचे १-२ मिमी कुठून येतात तर आजूबाजूच्या तापलेल्या रानातून. शेततळं म्हणजे कोरड्या, भाजलेल्या जमिनीच्या मधोमध ठेवलेला पाण्याचा छोटासा तुकडा, त्यामुळे नांगरलेल्या रानावरून येणारी गरम कोरडी हवा पाण्याला ऊनाच्या वर जादा उष्णता देते. छोट्या तळ्यातून चौरस मीटरमागे मोठ्या धरणापेक्षा जास्त पाणी उडतं ते याच्यामुळे. हे सगळं धरूनही १५ मिमी होत नाही. १५ व्हायला ३६ मेगाज्यूल लागतील आणि तेवढी ऊर्जा तिथे नाहीच.

आता वेग कशावर ठरतो त्याकडे. लोक फक्त तापमान बघतात आणि गडबड तिथेच होते. १८०२ मध्ये जॉन डाल्टननं सांगितलं की बाष्पीभवन दोन वाफदाबांच्या (वाफेच्या दाबांच्या) फरकावर चालतं, एक पाण्याच्या पृष्ठभागावरच्या संपृक्त, म्हणजे त्या तापमानाला जास्तीत जास्त राहू शकणाऱ्या वाफेचा आणि दुसरा वरच्या हवेत प्रत्यक्ष असलेल्या वाफेचा, आणि त्या फरकाला वारा गुणतो. इथे पाण्याचं तापमान महत्त्वाचं आहे, हवेचं नाही, हे नीट लक्षात घ्या. जालन्यात दुपारी हवा ४० डिग्री, आर्द्रता २० टक्के, तर हवेतल्या वाफेचा दाब साधारण १.५ किलोपास्कल. तळ्याचं पाणी मात्र ४० डिग्री नसतं, ते २८ च्या आसपास असतं, त्याचा संपृक्त दाब ३.८. फरक २.३. आता रत्नागिरीकडे या, हवा ३३ डिग्री, आर्द्रता ७० टक्के, वाफदाब ३.५, पाणी ३० डिग्रीचं, म्हणजे ४.२, फरक फक्त ०.७. कोकणातलं पाणी जालन्यापेक्षा गरम असूनही ओढ एक तृतीयांश. घामानं जीव नकोसा होतो तो त्याचमुळे, घाम येतो पण उडत नाही. आणि डेझर्ट कूलर जालना-नागपूरकडे झक्कास चालतो, कारण ४० डिग्री आणि २० टक्के आर्द्रतेला ओल्या फडक्याचं तापमान २२ च्या आसपास उतरतं, मुंबईत तोच कूलर नुसती दमट हवा फेकतो.

वाऱ्याचं काम काय तर पाण्याला चिकटून जो ओलसर हवेचा पातळ थर बसतो तो उचलून नेणं. वारा पडला की तो थर जाड होतो आणि वेग घटतो. पण वारा दुप्पट झाला म्हणून बाष्पीभवन दुप्पट होत नाही, कारण पाणी जास्त उडायला लागलं की पृष्ठभाग गार होतो आणि ओढ कमी होते. उष्णतेचा पुरवठा आणि वारा-कोरडेपणाची ओढ, दोन्ही बाजू एकाच सूत्रात बसवायचं काम इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला हॉवर्ड पेनमननं १९४८ मध्ये केलं, आणि आजही पिकाची पाण्याची गरज काढायच्या पद्धती त्याच पायावर उभ्या आहेत. आपल्याकडे पुण्यात हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग १९३२ मध्येच सुरू झाला होता, एल. ए. रामदास यांनी तो उभा केला. म्हणजे हे शास्त्र बाहेरून आणून चिकटवलेलं नाही, आपल्या मातीवर आणि आपल्या उन्हात मोजमापं घेत वाढलंय, आणि तरी शेतकऱ्यापर्यंत ते पोचत नाही याची मला मनापासून खंत आहे.

तुमचा ढगाळ दिवसाचा प्रश्न पण इथेच सुटतो. पाणी उष्णता साठवून ठेवतं. आठवडाभर तापलेल्या तळ्यावर एक दिवस ढग आले तर ऊन कमी होतं पण पाण्यात साठलेली उष्णता आहे, हवा कोरडी आहे आणि वारा आहे, तर पाणी उडत राहतं. रात्री पण तेच. सलग तीन-चार दिवस ढग राहिले, पाणी गार झालं, आर्द्रता वाढली की मग आकडा पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये केंद्रावरच्या बाष्पीभवन मोजायच्या पात्रात ३-४ मिमीच दिसायचं, मे मध्ये तेच पात्र १०-१२ दाखवायचं.

हे पात्र म्हणजे काय ते सांगतो, कारण पेपरात किंवा कृषी सल्ल्यात बाष्पीभवनाचा आकडा येतो तो याचाच असतो आणि तो जसाच्या तसा तळ्याला लावायचा नसतो. साधारण १.२२ मीटर व्यासाचं आणि २५ सेंटिमीटर खोल गोल पात्र, लाकडी चौकटीवर जमिनीपासून थोडं उचलून ठेवलेलं, वर जाळी म्हणजे पक्षी-कुत्री पाणी पिऊ नयेत. रोज सकाळी साडेआठला पाणी मूळ खुणेपर्यंत भरायचं आणि किती भरावं लागलं ते मोजायचं. पण पात्र उथळ, पत्र्याच्या बाजू तापतात, खालून पण हवा खेळते, त्यामुळे तळ्यापेक्षा ते जास्त पाणी उडवतं. म्हणून पात्राच्या आकड्याला ०.७ ते ०.८ नं गुणायचं. ११ मिमी आला तर तळ्याचे ८ ते ९ धरा. वरच्या उन्हाच्या हिशोबानं पण तेच आलं होतं, दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा येतो तेव्हा त्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

आता टबची चाचणी. एक रुंद तोंडाचा प्लास्टिकचा टब घ्या, शक्यतो फिकट रंगाचा. तळ्याच्या काठाला उथळ भागात, कागदाला भोक पडणार नाही असं गोणपाट अंथरून, टब पाण्यात असा बसवा की त्याची कड पाण्याच्या फक्त चार-पाच बोटं वर राहील. वजनाला आत धुतलेले गोटे टाका. टबमध्ये तळ्याचंच पाणी तळ्याच्याच पातळीपर्यंत भरा. टब बाहेर काठावर ठेवून चालणार नाही, तो तापेल आणि खोटा आकडा देईल, तळ्याच्या पाण्यात बुडालेला असला की दोन्हीकडचं पाणी जवळपास एकाच तापमानाचं राहतं. टबच्या आत एक खूण आणि तळ्यात एक पट्टी रोवलेली किंवा काठाच्या पायरीवर खूण. चार-पाच दिवस मोटर बंद, पाऊस नको, आणि रोज सकाळी लवकर वारा पडलेला असताना दोन्ही मोजा, पाणी हलत असलं की दोन-तीन मिमीची चूक सहज होते. टबमध्ये जेवढं उतरलं ते बाष्पीभवन. तळ्यात त्याच्यापेक्षा जेवढं जास्त उतरलं ती गळती. तुमच्या आकड्यांवरून मला वाटतं टबमध्ये रोज ८-९ येतील आणि तळ्यात १५, म्हणजे ६ मिमी गळती, ७८४ चौरस मीटरवर ती रोजची ४७०० लिटर होते. एवढं पाणी कोणतीही पावडर वाचवणार नाही कारण ते वर जातच नाहीये.

गळती सापडवायची एक सोपी रीत आहे. पातळी रोज वहीत लिहीत जा. भोक काठाच्या उतारावर असेल तर पाणी त्या भोकाच्या पातळीपर्यंत भराभर उतरतं आणि त्याच्या खाली गेलं की उतरण्याचा वेग अचानक टबइतकाच होतो. जिथे वेग बदलला तिथे पाण्याच्या कडेकडेनं फिरून कागद तपासा. जोडाची शिवण आधी बघा, मग मोटरचा पाइप जिथे घासतो ती जागा, मग कुत्रं किंवा रानडुक्कर उतरून नखांचे ओरखडे पडलेत का ते. लव्हाळ्याची टोकं खालून कागद फोडून वर येतात, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही पण येतात. वेग बदलतच नसेल, पाणी कितीही खाली गेलं तरी टबपेक्षा जास्तच उतरत असेल, तर भोक तळात आहे, मग तळं रिकामं झाल्यावरच काम होईल.

गळती बंद झाल्यावर जे ८-९ मिमी राहतील त्याचं काय करता येईल ते आता बघू. ऊन, आर्द्रता आपल्या हातात नाही. हातात सगळ्यात जास्त जी गोष्ट आहे ती म्हणजे पृष्ठभाग, आणि लोक तिच्याकडेच बघत नाहीत. कोयना आणि जायकवाडी बघा. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी (अब्ज घनफूट), जायकवाडीची १०२, जवळपास सारखीच. पण कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या दरीत खोल आहे, पसारा साधारण ११५ चौरस किलोमीटर, आणि नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पैठणच्या सपाट प्रदेशात पसरलाय, साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या वर. तेवढ्या पसाऱ्यावरून एक मिमी उडालं तरी ३५ कोटी लिटर. पाणी तेवढंच, फक्त ताटलीत ठेवलंय की तांब्यात, एवढाच फरक.

हेच तुमच्या पातळीवर. तुमच्या भावाचं शेजारी तसंच दुसरं शेततळं आहे असं तुम्ही लिहिलंय. फेब्रुवारीच्या शेवटी दोन्हीत दीड-दीड मीटर पाणी उरलं असेल तर प्रत्येकाचा पृष्ठभाग २७ बाय २७, दोन्ही मिळून १४५८ चौरस मीटर. ते सगळं पाणी, साधारण १९५० घनमीटर, एकाच तळ्यात घेतलं तर ते २.७ मीटरच्या वर उभं राहतं आणि पृष्ठभाग फक्त ८६७ राहतो. म्हणजे बाष्पीभवन ४० टक्क्यांनी कमी, रोज ८ मिमी धरले तरी पावणेपाच हजार लिटर वाचले, आणि खर्च काय तर मोटर चालवायचं बिल. एकाच भरल्या तळ्यात उरलेलं पाणी खोल असल्यानं दिवसा लवकर तापत पण नाही. उथळ पाण्याखाली काळा कागद असेल तर तो ऊन शोषून पाणी तापवतो, त्यामुळे शेवटचा अर्धा मीटर फार भराभर जातो. भावाशी वाटणीचं बोलून घ्या, पाणी मोजून टाकलं तर भांडण होत नाही.

शेडनेट चालते. तारांवर नीट ताणून ५० किंवा ७५ टक्क्यांची नेट टाकली तर ऊन आणि वारा दोन्ही अडतं आणि अर्ध्याच्या वर बचत होऊ शकते, पण ३० मीटरचा गाळा आहे, मधे आधार लागतो, आणि मे मधल्या वावटळीत फाटली की सगळं पाण्यात. छोट्या, १५ मीटरच्या तळ्याला मी बिनधास्त सांगेन, तुमच्या तळ्याला नीट खर्च काढून मगच. पावडर म्हणजे सहसा सेटिल किंवा स्टिअरिल अल्कोहोल, पाण्यावर एका रेणूइतका पातळ थर पसरतो आणि रेणू निसटायला अडथळा होतो. शास्त्र खरं आहे, वारा नसेल तर २०-३० टक्के फायदा होतो. पण वारा आला की थर एका काठाला गोळा होतो, ऊन आणि जिवाणूंनी तो मोडतो, एक-दोन दिवसांआड परत टाकावी लागते. उघड्या माळावरच्या तळ्याला मी कधी शिफारस करत नाही. तरंगते काळे गोळे लोक व्हिडिओत बघतात आणि विचारतात, ते लॉस एंजेलिसच्या जलाशयात २०१५ मध्ये ९.६ कोटी टाकले होते, पण तिथे मुख्य कारण ऊन अडवून पाण्यात घातक ब्रोमेट तयार होऊ न देणं हे होतं, पाणी वाचलं तो वरचा फायदा. शेततळ्याला तो खर्च झेपत नाही. जलपर्णीनं झाकतो म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, ती स्वतः पानांतून पाणी उडवते. पश्चिमेकडून वारा अडवायला झाडं लावायची तर कागदापासून लांब, मुळं पोचणार नाहीत इतकी, आणि ती सुद्धा पाणी पितात हे धरून.

शेवटची गोष्ट थोडी कडक वाटेल पण सांगतो. तळं पावसाच्या ओढ्याच्या पाण्यानं भरत असाल तर उत्तम, ते पाणी नाहीतर वाहूनच गेलं असतं. पण डिसेंबरात बोअरचं पाणी उपसून तळ्यात साठवत असाल तर तुम्ही जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी उन्हात आणून पसरताय. डिसेंबर ते मे मिळून तळ्यावरून एक मीटरच्या वर पाणी सहज उडतं, ३ मीटरचं तळं भरलं तर त्यातला बराच मोठा वाटा बागेला लागायच्या आधीच गेला, आणि बोअरची पातळी खाली गेली ती शेजाऱ्याची पण. वीज मिळत नाही, बोअर उन्हाळ्यात आटतो, म्हणून लोक हे करतात ते मला कळतं, माझ्या ओळखीच्या चांगल्या शेतकऱ्यांनी पण केलंय. तरी करायचंच असेल तर जेवढं मे मध्ये खरंच लागेल तेवढंच आणि जितक्या उशिरा जमेल तितक्या उशिरा भरा, आणि मोसंबीच्या आळ्यात उसाच्या पाचटाचं जाड आच्छादन टाका, म्हणजे दिलेलं पाणी मातीच्या वरच्या थरातून परत उडायचं कमी होईल.

टबचे पाच दिवसांचे आकडे आले की रोजचे दोन्ही आकडे, त्या दिवशी वारा कसा होता आणि तळ्यात त्या वेळी किती मीटर पाणी होतं हे लिहून पाठवा, भोक साधारण कुठल्या उंचीवर असेल ते त्यावरून सांगता येईल.